नेल्दाचा दुसरा एक्स-रे

ही १९८४ सालची गोष्ट. त्या वर्षी मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि केल्वे बेटावरच्या दवाखान्यात मला चौदा वर्षं झाली होती.

दवाखाना म्हणजे लाकडी घराच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत तपासायचं टेबल, वजनकाटा आणि औषधांचं कपाट. मागच्या खोलीत चूल, एक पलंग आणि मी. डॉक्टर महिन्यातून एकदा लाँचने यायचे, समुद्र बरा असला तर. आमच्या बेटांवर शाळेच्या बाईंना आणि नर्सला वय कितीही झालं तरी ‘सेन्योरिता’च, म्हणजे कुमारी, म्हणतात. चार-चार मुलं झालेल्या, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या बाया मला इतक्या आदराने सेन्योरिता म्हणायच्या की त्यांच्यावर रागवायचीही सोय नव्हती. दुपारी मी रेडिओ लावायची, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून. संध्याकाळी किटलीशी बोलायची. किटली मान हलवत नाही, पण वाफ सोडते, तेवढंच.

माझ्या कामातलं एक काम मला मनापासून आवडायचं. नव्या बाळांचे खुबे तपासणं. बाळाला उताणं ठेवायचं, गुडघे दुमडायचे, दोन्ही मांड्या तळहातात घ्यायच्या आणि हळूच बाहेरच्या बाजूला उघडायच्या. खुबा जागेवर असला तर काही होत नाही, मांड्या पुस्तकासारख्या उघडतात. जागेवर नसला तर बोटांखाली एक ठोका लागतो. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीच्या काठावरून आत घसरतो, त्याचा ठोका. तो ऐकू येत नाही, बोटांनाच कळतो. चौदा वर्षांत तो मला अकरा वेळा लागला होता.

बारावी नेल्दा.

ती मे महिन्यात जन्मली, टेकडीवरच्या सोइला रेमोलकोय बाईंच्या घरी. सोइला ही तिची आजी, आईची आई; सगळे तिला मानाने ‘दोन्या’ म्हणायचे. आई इरिस, वीस वर्षांची. बाप मेंढ्यांची लोकर कातरायला सीमेपलीकडे अर्जेंटिनात गेलेला, तसे आमचे सगळेच पुरुष जातात. मी गेले तेव्हा बाळ चार दिवसांचं होतं. सोइलाने लोकरीच्या विणलेल्या, चार बोटं रुंद पट्टीत त्याला खांद्यापासून घोट्यापर्यंत गुंडाळलं होतं, पाय सरळ ताणून, एकाला एक चिकटवून.

“सोडा ती पट्टी, दोन्या सोइला,” मी म्हटलं. “पाय असे ताणून बांधले की खुबा निसटतो. किती वेळा सांगितलं?”

“माझी सातही पोरं अशीच बांधली, सेन्योरिता. सातही सरळ चालतात.”

“तुमची एमेलिना लंगडते.”

“ती लंगडत नाही. तिची चालायची तऱ्हा आहे ती.”

इरिस तोंडावर हात ठेवून हसली. मी बाळाच्या मांड्या हातात घेतल्या, आणि डावीकडे तो ठोका लागला.

तिसऱ्या महिन्यात एक्स-रे काढायला आम्ही गावाच्या इस्पितळात गेलो. लाँच अब्दोनची. अब्दोन सोइलाचा भाचा. बेटावरची माणसं, डुकरं, बटाट्याची पोती आणि बातम्या सगळं त्याच्याच लाँचने ये-जा करायचं. सगळे त्याला कप्तान म्हणायचे आणि त्याला ते खरं वाटायचं.

डॉक्टर फुएन्सालिदांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. मोजपट्टी आणि पेन्सिल घेऊन त्यांनी त्यावर एक आडवी रेघ मारली, दोन उभ्या मारल्या. खुब्याभोवती चार चौकटी झाल्या.

“मांडीच्या हाडाच्या टोकाला मटाराएवढा हाडाचा दाणा धरतो,” ते इरिसला म्हणाले. “तो खालच्या, आतल्या चौकटीत दिसला पाहिजे. उजवीकडे बघ, धरायला लागलाय आणि जागेवर आहे. डावीकडे हाडाचं टोक वर आणि बाहेर गेलंय. तिथे दाणा अजून धरलेलाच नाही.”

“मग आता?”

“आता पट्टे. चोवीस तास. बेडकासारखे पाय ठेवायचे, म्हणजे गोळा वाटीत बसेल आणि वाटी त्याच्याभोवती खोल होईल.”

पट्टे म्हणजे खांद्यावरून येणारे दोन, छातीभोवती एक आणि पायात घालायचे दोन मोजे. बाळाला लाथा मारता आल्या पाहिजेत, पण पाय सरळ करता येता कामा नयेत. ते कसे सांभाळायचे हे मी इरिसला शिकवलं. पट्ट्यांखाली सुती झबलं. लंगोट बदलताना पाय धरून उचलायचं नाही, कुल्ल्यांखाली हात घालायचा. गुडघ्यामागे आणि जांघेत रोज बघायचं, कातडी लाल झाली का. पावलं गरम आहेत का. लाथ मारते का. नाही मारली तर लगेच माझ्याकडे. कुशीवर निजवायचं नाही.

तो पहिला एक्स-रे डॉक्टरांनी मला देऊन टाकला. दवाखान्याच्या खिडकीच्या काचेवर मी तो चिकटवला आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला दाखवला. हा दाणा, ही चौकट, दाणा चौकटीत हवा. बांधाल तर हे असं होतं. सोइलालाही दाखवला, तीनदा. अक्षरओळख नसलेल्या बाईला यातलं काय कळणार, असं मनात म्हणत दाखवला. ती मान तिरकी करून बघायची आणि म्हणायची, “तुमच्या खिडकीतून आता समुद्र दिसत नाही.”

सप्टेंबरच्या शेवटी इरिसच्या नवऱ्याचं पत्र आलं. मेंढ्यांच्या एका मोठ्या कुरणावर कातरणाऱ्यांच्या टोळीला स्वयंपाकीण हवी होती, राहायला खोलीही मिळणार होती. आत्ता आलीस तर आपण एकत्र राहू, नाहीतर आणखी एक वर्ष. दोन दिवस लाँच, मग बस, मग ट्रक. पट्ट्यातल्या बाळाला घेऊन जाणं शक्य नव्हतं, आणि तिकडे पट्टे बघणारं कोणी नव्हतं.

तिघी माझ्याच चुलीपाशी बसलो होतो, माते, म्हणजे आमच्याकडचा कडवट पाल्याचा चहा, पीत. वाटी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात फिरत होती.

“आईकडे ठेवते,” इरिस म्हणाली.

“ठेव,” सोइला म्हणाली. “तिसऱ्या दिवशी मी ते जोखड काढून फेकीन. आधीच सांगते, खोटं कशाला बोलू? शिवाय हे बघ.” तिने हात पुढे केले. संधिवाताने बोटं आल्याच्या गड्ड्यांसारखी झाली होती. “ह्यांनी बक्कल लागतं का?”

इरिस माझ्याकडे बघायला लागली. तिने विचारायच्या आधीच मी हो म्हटलं.

“पट्टे निघेपर्यंत, सेन्योरिता. निघाले की त्याच दिवशी पत्र टाका, मी येते. त्याच दिवशी.”

“त्याच दिवशी,” मी म्हटलं.

मग माझ्या मागच्या खोलीत दोघी राहायला लागलो. मी तिला बेडकी म्हणायची. टेबलावर ती उताणी, पाय दोन्हीकडे पसरलेले, आणि माझ्या प्रत्येक वाक्याला उत्तर. किटलीशी बोलणं बंद झालं. रेडिओ लावायचं मी विसरायला लागले, आणि दुपारचे निरोप चुकायला लागले. आमच्याकडे फोन नव्हते. कोणाला काही कळवायचं तर गावातल्या रेडिओवर निरोप द्यायचा आणि तो भर दुपारी सगळ्या बेटांना ऐकू जायचा. अमक्याचा बैल सापडला, तमक्याची शस्त्रक्रिया नीट झाली. ज्याच्यासाठी निरोप असेल तो नसला तरी शेजारी धावत जाऊन सांगायचे.

मुलं तपासणं वेगळं आणि एखादं मूल सकाळी डोळे उघडून आधी तुम्हाला शोधतं ते वेगळं. हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी ठाऊक नव्हतं म्हणून जगणं जमलं होतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर दुसरा एक्स-रे होता. डॉक्टर दुसऱ्या बेटांच्या फेरीवर गेले होते, पण त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “तुला बघता येतं, एदेल्मिरा. दाणा चौकटीत असला तर पट्टे काढ. शंका असली तर एक्स-रे ठेवून जा, मी बघेन.” इस्पितळाच्या बोळातल्या खिडकीशी मी उभी राहिले. एका हातावर नेल्दा, दुसऱ्या हातात अजून ओलसर एक्स-रे. नेल्दाला बाकावर ठेवून मोजपट्टी लावली, रेघा मारल्या. डावीकडे दाणा होता. खालच्या, आतल्या चौकटीत, मधोमध. उजव्याहून थोडा लहान, पण स्वच्छ.

मला आनंद झाला. हे आधी लिहिते, कारण तो खरा होता. माझ्या हातांना ठोका लागला होता, माझ्याच हातांनी पट्टे सांभाळले होते, आणि हाड बसलं होतं. मग मी बाकावर तिच्याशेजारी बसले. तिने माझं बोट धरलं आणि तोंडात घातलं. एक्स-रे मी पाकिटात घातला. शंका नव्हती, तरी पट्टे काढायला हात होईना. आणि शंका नव्हती, म्हणून एक्स-रे डॉक्टरांसाठी ठेवूनही गेले नाही.

रेडिओच्या कचेरीतल्या मुलीने निरोप लिहून घेतला आणि मला वाचून दाखवला. ‘केल्वे बेटावरच्या सोइला रेमोलकोय यांना. नेल्दाचे पट्टे अजून काही दिवस राहतील. काळजी नसावी. सेन्योरिता एदेल्मिरा.’

“बरोबर?” तिने विचारलं.

“बरोबर,” मी म्हटलं.

धक्क्यावर पोचले तोवर सगळं बेट ऐकून मोकळं झालं होतं. लाँचवर अब्दोनने टोपी काढली.

“ऐकलं आम्ही. हट्टी हाड दिसतंय.”

“हो.”

“आमच्या घराण्यात हट्टी फक्त मावशी, असं वाटलं होतं मला. आता तिचं हाडही पुढच्या पिढीत उतरलं म्हणायचं.” मी हसले नाही तेव्हा त्याने मासळीच्या टोपलीवरचं कांबळं काढून माझ्या खांद्यांवर टाकलं. “होईल हो बरी, सेन्योरिता. तुमच्यासारखी बघणारी आहे तिला.”

त्या आठवड्यात लोक येत राहिले. कोणी अंडी आणली, कोणी बटाट्याची गरम भाकरी, कोणी विणलेलं टोपडं. चर्चमध्ये नेल्दाच्या खुब्यासाठी मेणबत्ती लावली गेली. मी सगळ्यांचे आभार मानले. इरिसला पत्र लिहिलं, हाड सावकाश भरतंय, घाई नको. तिचं उत्तर आलं. शाई दोन ठिकाणी फुटली होती. ‘तुम्ही म्हणाल तसं, सेन्योरिता. तिला माझं नाव सांगत जा.’

मी सांगायची. रोज एकदा, औषधाच्या वेळेसारखं.

असे नऊ आठवडे गेले. नेल्दाला आता बसायचं होतं. ती डोकं उचलायची, कमरेतून जोर लावायची, आणि पट्टे तिला मागे ओढायचे. मग ती रडायची. दुखून नाही, संतापून. मी बक्कल एका भोकाने सैल करायची आणि स्वतःला सांगायची, चार आठवडे जास्त झाले तर कोणाचं काय बिघडतं? माझ्या पुस्तकात लिहिलं होतं की गरजेहून जास्त काळ बांधून ठेवणंही हाडाला बरं नाही. ते पान मला पाठ होतं. मी ते उघडत नव्हते.

जानेवारीत बेटाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई अडली. मी सोइलाला निरोप धाडला, नेल्दापाशी येऊन बस. बाळंतपण लांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चिखल तुडवत परत आले तेव्हा सोइला खिडकीशी खुर्ची घेऊन बसली होती. मांडीवर नेल्दा, पट्ट्यांसकट. खिडकीच्या काचेवर एकाशेजारी एक दोन एक्स-रे.

“लंगोट शोधत होते,” ती म्हणाली. “हा तुमच्या पलंगाखालच्या खणात सापडला.”

मी दारातच उभी राहिले. बुटांचा चिखल काढायचंही सुचलं नाही.

“ह्यात दाणा नाही,” तिने वाकड्या बोटाने पहिला दाखवला. “ह्यात दाणा चौकटीत आहे. तुम्हीच शिकवलंत. तीनदा.”

“दोन्या सोइला...”

“केव्हाचा हा?”

“नोव्हेंबरचा.”

नेल्दा माझा आवाज ऐकून हात पसरत होती.

“मी पट्टीने बांधायची तेव्हा तुम्ही मला भर दवाखान्यात, सगळ्या बायांसमोर अडाणी म्हणालात.”

“अडाणी नव्हते म्हणाले.”

“तोंडाने नव्हता म्हणालात.” तिने नेल्दाचं पाऊल मुठीत धरलं. “मी बांधायची ती पोर सरळ वाढावी म्हणून. चुकलं असेल माझं. तुम्ही कशासाठी बांधलीत?”

चुलीवरची किटली उकळायला लागली होती, दोघींपैकी कोणी उठलं नाही.

“तिची आई तिकडे तीस माणसांचं रांधते आणि संध्याकाळी पोरीच्या झबल्याचा वास घेते,” सोइला म्हणाली. “पत्रात लिहिलंय. अब्दोनने वाचून दाखवलं. या, काढा हे. माझ्या हातांनी बक्कल निघत नाही, नाहीतर तुमची वाट बघितली नसती.”

मी काढले. खांद्याचे, छातीचा, मग पायातले मोजे. कातडीवर फिकट वळ उमटले होते. मला वाटलं होतं ती आता पाय झाडेल, सरळ करेल. तिने तसं काही केलं नाही. पट्टे टेबलावर पडले होते आणि तिचे पाय तसेच, बेडकीसारखे, दोन्हीकडे दुमडलेले. कित्येक दिवस ती तशीच निजायची. मुलांचं असं होतं, हे मला माहीत होतं. तरी मी तिच्याकडे बघू शकले नाही.

पत्र मी त्याच संध्याकाळी लिहिलं.

इरिस फेब्रुवारीत आली. उन्हाने रापलेली, हाताला भाजल्याचे डाग. धक्क्यावरून पळतच वर आली, दारात थांबली, हात धुतले, मग पुढे झाली. नेल्दाने तिच्याकडे बघितलं आणि माझ्या मानेत तोंड खुपसून किंचाळायला लागली. इरिसचे हात तसेच हवेत राहिले.

“ओळखेल ग,” मी म्हटलं. “दोन दिवसांत ओळखेल.”

“हो,” ती म्हणाली. मग डोळे पुसून विचारलं, “डॉक्टर तर नोव्हेंबर म्हणाले होते ना, सेन्योरिता? मग इतकं का लांबलं?”

मी सांगणार होते. आजही मला वाटतं की मी सांगणार होते. सोइला चुलीपाशी आमच्याकडे पाठ करून बटाटे परतत होती.

“हाड सावकाश भरलं,” ती वळून न बघता म्हणाली. “आपल्या घराण्याची हाडं आळशीच. तू तरी दीड वर्षाची होईपर्यंत कुठे चाललीस? आता हात पुसत बसू नकोस, पोरीला घे. रडू दे. रडूनच ओळख होते.”

पाच दिवसांनी दोघी अब्दोनच्या लाँचने गेल्या. मी धक्क्यावर गेले नाही. अंगात ताप आहे म्हटलं. खिडकीतून बघितलं. एक्स-रे दोन्ही काढून ठेवले होते, त्यामुळे समुद्र दिसत होता. संध्याकाळी किटली ठेवली आणि तिच्याशी बोलायला गेले तर काही आठवेना.

इरिस तिकडेच स्थायिक झाली. पुढे नवऱ्यापासून वेगळी झाली, दुसऱ्या एकाशी संसार केला, दोन मुलगे झाले, शिवणकामाचं दुकान काढलं. नाताळला तिचं कार्ड यायचं, २०११ पर्यंत आलं. मग थांबलं, मी चौकशी केली नाही.

अब्दोनने लाँच विकली आणि सॅल्मन माशांच्या शेतीत रखवालदार झाला. ते काम त्याला आवडलं नाही, तिथे कोणी त्याला कप्तान म्हणत नव्हतं. तो आपल्या पलंगावर, म्हाताऱ्या वयात गेला.

डॉक्टर फुएन्सालिदा राजधानीत गेले. त्यांनी मला दुसऱ्या एक्स-रेबद्दल कधी विचारलं नाही. पट्टे काढल्याचं मी फेब्रुवारीत कळवलं तेव्हा त्यांनी रेडिओवर उलट निरोप पाठवला, ‘शाब्बास, एदेल्मिरा’, आणि तो सगळ्या बेटांनी ऐकला.

सोइला १९९३ मध्ये गेली. शेवटची चार वर्षं तिला ताट उचलता येत नव्हतं. मी दर संध्याकाळी टेकडी चढून जायची, समुद्राचं पाणी कोमट करून त्यात तिचे हात बुडवून ठेवायची, एकेक बोट हळूहळू हलवायची, कोरडं करून लोकरीत गुंडाळायची. आम्ही खूप बोलायचो. हवेबद्दल, डुकरांबद्दल, एमेलिनाच्या लंगडण्याबद्दलही. त्या दुपारबद्दल नाही. एकदाच, बोटं पुसताना मी म्हटलं, “तुम्ही इरिसला का नाही सांगितलंत?” ती म्हणाली, “पाणी गार झालं, सेन्योरिता. बदला.”

नेल्दा २०१६ मध्ये आली. बत्तीस वर्षांची, आजीचं थडगं बघायला. तोवर मी निवृत्त होऊन गावात एका भाड्याच्या खोलीत राहायला आले होते, अजून तिथेच आहे. तिला माझं काहीच आठवत नव्हतं, आठवणार तरी कसं? आईने सांगितलेलं तेवढं तिला ठाऊक होतं. तिने मला मिठी मारली, चहा घेतला, आपल्या मुलाचे फोटो दाखवले. त्याचा खुब्याचा एक्स-रे तिसऱ्या महिन्यात काढला, सगळं ठीक होतं म्हणाली. मी तिला पहिला एक्स-रे दिला, पेन्सिलच्या रेघांसकट. तिला तो फार आवडला. फ्रेम करून लावते म्हणाली.

निघाली तेव्हा मी खिडकीशी उभी राहून तिची चाल बघितली. ती लंगडत नाही. उतारावरून भराभर, सरळ गेली. फक्त डाव्या पावलाचा अंगठा किंचित बाहेर वळतो. कोणीही डॉक्टर म्हणेल की हे काहीच नाही, पुष्कळांचं असतं. असेलही. ती कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत मी त्या पावलाकडेच बघत होते.

दुसरा एक्स-रे माझ्याकडे आहे. तो मी तिला दाखवला नाही.